आठ टक्क्यांचं रेझिन, अर्ध्या किलोची बाटली: चौदा महिने वापरून झाल्यावर

आधी निकाल सांगून टाकते, म्हणजे घाईत असलेल्यांची सुटका होईल. पाचपैकी चार तारे. कापलेला तारा रेझिनचा नाही. तो बाटलीच्या झाकणाचा आणि सोबत आलेल्या माहितीपत्रकाचा आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही. झाकणाची तक्रार त्यांना वेगळी कळवली आहे, आणि याच जातीचं रेझिन तीन-चार ठिकाणी तरी मिळतं.

वस्तू कोणती ते मात्र नीट सांगायला हवं. नुसतं ‘आयन विनिमय रेझिन’ (द्रावणातले भारित कण, म्हणजे आयन, पकडून बदल्यात आपल्याजवळचे सोडणारे प्लास्टिकचे मणी) म्हणून शोधलं की पाणी मऊ करायच्या टाक्यांत भरतात ते जाड मणी आधी समोर येतात. ते हे नव्हे. हे बारीक चाळलेलं, विश्लेषणाच्या दर्जाचं कॅटायन रेझिन, म्हणजे धनभाराचे आयन पकडणारं: पॉलिस्टायरीनच्या मण्यांवर सल्फॉनिक आम्लाचे गट, साखळ्या एकमेकींना बांधणाऱ्या डायव्हिनाइलबेन्झिनची जोडणी आठ टक्के, २०० ते ४०० मेश (चाळणीचा आकडा), हायड्रोजन रूपात, म्हणजे गटांवर हायड्रोजनचे आयन बसलेले. म्हणजे कोरडा मणी साधारण ३७ ते ७४ मायक्रॉनचा. चिमटीत धरलं तर ओल्या बारीक रेतीसारखं लागतं, आणि ते चिमटीत धरू नये हे मी नव्या मुलांना पहिल्याच दिवशी सांगते, कारण मणी जमिनीवर सांडले की तिथं बर्फावर चालल्यासारखं पाय सरकतात.

मी रेडिओकेमिस्ट्रीच्या प्रयोगशाळेत काम करते आणि नव्यानं रुजू होणाऱ्यांना हात बसेपर्यंत शिकवते. ही बाटली घेतली ती एकाच कामासाठी: द्रावणातले रेअर अर्थ धातू (लँथॅनमपासून ल्युटेशियमपर्यंतची पंधरा मूलद्रव्यं) एकमेकांपासून सुटे करायचे, आधी साध्या क्षारांवर आणि मग किरणोत्सारी ट्रेसर, म्हणजे माग काढता येईल अशी किरणोत्सारी धातूची अगदी थोडी मात्रा, घालून.

हे धातू सुटे करणं अवघड का, ते दोन आकड्यांत सांगता येतं. लँथॅनमच्या तीन धनभाराच्या आयनाची त्रिज्या साधारण १०३ पिकोमीटर, रांगेतल्या शेवटच्या ल्युटेशियमची ८६. मधल्या चौदा पायऱ्यांवर १७ पिकोमीटर वाटले गेले, पायरीला जेमतेम सव्वा. भार सगळ्यांचा सारखा, स्वभाव सारखा. जुन्या लोकांकडे स्फटिक काढणं, विरघळवणं, पुन्हा काढणं एवढाच मार्ग होता. चार्ल्स जेम्स यांनी शुद्ध थुलियम मिळवायला सुमारे १५,००० वेळा स्फटिक काढले. ते १९११ सालचं. मी एकदा सात वेळा काढून पाहिले आणि आठव्या वेळी चंचुपात्र सिंकमध्ये ओतून घरी गेले.

आता बाटलीवर ठळक अक्षरांत छापलंय की हे रेझिन रेअर अर्थ ‘वेगळे करतं’. हे अर्धसत्य आहे, आणि एवढंच पटवायला मी हे परीक्षण लिहायला बसले असं म्हटलं तरी चालेल. रेझिन धरून ठेवतं. वेगळं करतं ते वरून सोडायचं द्रावण. सल्फॉनिक गटाला समोर निओडिमियम आहे की प्रासिओडिमियम, याचं फारसं सोयरसुतक नसतं. दोघांनाही तो जवळपास सारख्याच ओढीनं पकडतो. मग वरून एखादं असं सेंद्रिय आम्ल सोडायचं, जे लहान आयनाला जरा जास्त घट्ट मिठी मारतं. लहान आयन रेझिन सोडून त्याच्याबरोबर खाली निघतो, मोठा मागं रेंगाळतो. खाली पुन्हा रेझिन, पुन्हा तीच ओढाताण. कॉलमभर, म्हणजे रेझिन भरलेल्या उभ्या नळीभर, हे शेकडो वेळा होतं. जेम्स यांनी हातानं केलं ते इथं मणी करतात, फक्त थकत नाहीत.

आमचं सेंद्रिय आम्ल म्हणजे अल्फा-हायड्रॉक्सी-आयसोब्युटिरिक आम्ल. एवढं लांबलचक नाव कोण घेणार, आम्ही त्याला ‘हिबा’ म्हणतो. अमोनिया घालून पीएच (आम्लतेचं माप) चारच्या जरा वर आणायचा. हिबानं सगळ्यांत आधी ल्युटेशियम बाहेर येतं आणि सगळ्यांत शेवटी लँथॅनम. शेजारच्या दोन धातूंमधला विलगीकरण गुणांक (एक दुसऱ्याच्या किती पट मागं राहतो तो आकडा) सरासरी दीडच्या आसपास. दीड ऐकायला लहान वाटतो, पण या धंद्यात तो गुणांक म्हणजे चैन. त्याआधी सायट्रेट आणि लॅक्टेट वापरायचे, त्यांच्यात ही फट आणखी अरुंद होती.

आता बाटली उघडल्यापासूनचं सांगते.

पेटी फोडली तर बाटलीच्या खांद्यावर, आतल्या बाजूनं, मणी कोरडे होऊन पांढरट पडलेले. झाकणाच्या आतली चकती वाकडी बसली होती आणि ओलावा उडून गेला होता. ओलं रेझिन म्हणून विकलेली वस्तू अर्धवट कोरडी पोहोचणं ही क्षुल्लक गोष्ट नाही. कोरडा मणी एकदम पाण्यात टाकला की झपाट्यानं फुगतो आणि तडकतो. तडकलेल्या मण्याचा चुरा कॉलमच्या बुडाशी जाऊन वाट अडवतो. वरचा दोन बोटं थर मी काढून टाकला, उरलेलं आधी मिठाच्या दाट पाण्यात भिजवलं आणि मग ते पाणी हळूहळू पातळ करत नेलं. अशानं फुगणं सावकाश होतं. हा उपाय माहितीपत्रकात असायला हवा होता. माहितीपत्रकात काय होतं, तर पाण्याचा कडकपणा काढण्याची कृती. सहा भाषांत.

मेश कोरड्या मण्यांची की ओल्या, तेही कुठं लिहिलेलं नाही. सूक्ष्मदर्शकाखाली धरून पाहिलं तर आकडा कोरड्याचा असावा असं दिसलं, कारण पाण्यातले मणी त्याहून बरेच टपोरे होते. कॉलमची जाळी निवडताना हा फरक नडतो.

धुणं मात्र समाधानकारक झालं. मोठ्या चंचुपात्रात भरपूर पाणी, काचकांडीनं एकदा ढवळायचं, दहा मिनिटं थांबायचं, वर तरंगणारा गढूळ भाग ओतून द्यायचा. आधीच्या एका पुरवठादाराच्या मालाला हे नऊ-दहा वेळा करावं लागायचं. इथं चौथ्याच वेळी पाणी निवळलं. म्हणजे चाळणी प्रामाणिक होती. मग ६ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल सोडलं. पहिले थोडे मिली फिकट पिवळे आले, ते लोखंडाचं. कारखान्यातून थोडं लोखंड येतंच, ते निघेपर्यंत आम्ल चालू ठेवायचं. शेवटी शुद्ध पाणी, लिटमस तटस्थ दाखवेपर्यंत.

कॉलम साधाच आहे: आतला व्यास ८ मिलिमीटर, रेझिनची उंची २० सेंटिमीटर, म्हणजे १० मिली थर. भरताना एकच पथ्य, रेझिन पाण्यासकट एका दमात ओतायचं. थांबत थांबत ओतलं की वर बारीक आणि खाली जाड असे पट्टे पडतात. नळी भरताना तिला रबर चढवलेल्या कांडीनं टिचक्या मारत राहायचं, बुडबुडे वर येतात. पाण्याची पातळी रेझिनच्या माथ्याखाली एकदा जरी गेली तरी आत हवा शिरते आणि सगळं उपसून पुन्हा भरावं लागतं. चौदा महिन्यांत माझ्या हातून हे दोनदा झालं. दोन्ही वेळा फोन वाजला होता.

हायड्रोजन रूपाचं रेझिन अमोनियम रूपात आणलं की थर आकसतो. माझा २० सेंटिमीटरचा थर १९ च्याही खाली आला. नवख्यांना वाटतं गळती आहे. गळती नाही. त्या रूपात मण्याभोवती पाणी कमी असतं एवढंच.

आता क्षमता. लेबलवर ओल्या रेझिनच्या दर मिलीला १.७ मिलिइक्विव्हॅलंट (पकडता येणाऱ्या भाराचं माप) लिहिलंय, मी मोजली तर १.६८ आली. इथं कंपनीला पैकीच्या पैकी. पण १० मिलीत १७ मिलिइक्विव्हॅलंट मावतात म्हणून तेवढा धातू चढवला तर खालून चिखल मिळेल. पट्टा माथ्यावर अरुंद बसायला हवा. मी पाच टक्क्यांवर जात नाही. पाच टक्के म्हणजे ०.८५ मिलिइक्विव्हॅलंट, निओडिमियमच्या हिशेबात ४० मिलिग्रॅमच्या आसपास. एवढुसाच धातू, पण रंग डोळ्यांना दिसायला पुरतो.

आणि रंग दिसावा म्हणूनच पहिली तालीम मी नेहमी प्रासिओडिमियम, निओडिमियम आणि सॅमॅरियम घेऊन करते. पहिलं हिरवं, दुसरं जांभळट गुलाबी, तिसरं जेमतेम पिवळसर. पहिल्या दोघांना दीडशेएक वर्षांपूर्वीचे रसायनतज्ज्ञ एकच मूलद्रव्य समजत होते. मोसँडर यांनी १८४१ मध्ये त्याला डिडिमियम नाव दिलं होतं, आणि १८८५ मध्ये आउअर फॉन वेल्सबाख यांनी स्फटिकीकरणानं त्याचे दोन तुकडे केले. दोघांचं मिश्रण कॉलमच्या माथ्यावर बसतं तेव्हा ते ना हिरवं दिसतं ना जांभळं, मळकट करडं दिसतं. हिबा सोडल्यावर पहिला तास काहीच होत नाही. मग करड्या पट्ट्याची खालची कड हळूच गुलाबी होते, वरची हिरवी, आणि मधलं करडं विरत जातं. शेवटी दोन पट्टे आणि मध्ये रेझिनचा स्वतःचा फिका रंग. हे मी किती वेळा पाहिलं असेल कोण जाणे, अजून खुर्ची ओढून बसते.

गती मिनिटाला अर्धा मिली, साधारण दहा थेंब. खालून निघणारं द्रावण ओळीनं छोट्या नळ्यांत धरायचं, दर नळीत २ मिली. सॅमॅरियमचं शिखर सतराव्या नळीत, निओडिमियमचं अडतिसाव्या, प्रासिओडिमियमचं सत्तावन्नाव्या. सगळं मिळून पाच तास. सॅमॅरियम आणि निओडिमियमच्या मधल्या, पंचविसाव्या नळीच्या आसपास प्रोमेथियमची जागा. तालमीत प्रोमेथियम नसतंच, त्यामुळे त्या नळ्या रिकाम्या, रंगहीन निघायला हव्यात. प्रोमेथियमचा एकही टिकाऊ समस्थानिक नाही, त्याला आमच्या रांगेत नुसती आखून ठेवलेली जागा आहे. या मूलद्रव्याचा शोधच मुळी असल्या कॉलमवर लागला: १९४५ मध्ये मरिन्स्की, ग्लेंडेनिन आणि कोर्येल यांनी अणुभट्टीतल्या इंधनाच्या विखंडनातून उरलेल्या रेअर अर्थच्या मिश्रणातून, आयन विनिमयानं वेगळं काढून, ते ओळखलं.

आठव्या महिन्यातली गोष्ट. सलग सहा तालमी चोख गेल्या होत्या, म्हणून नळ्यांवर धातूंची नावं आधीच लिहून ठेवली होती. सातव्या वेळी एक नवी मुलगी कॉलमवर बसली होती. मी दुसऱ्या टेबलावर. मागून हाक आली, “मॅडम, प्रोमेथियम जांभळं असतं का?”

उठून पाहिलं तर तेविसावी, चोविसावी, पंचविसावी, सगळ्या नळ्या सुरेख जांभळट गुलाबी. अडतिसाव्यात यायचं निओडिमियम प्रोमेथियमच्या जागी येऊन बसलं होतं. रेझिन खराब झालं, असंच मला पहिल्यांदा वाटलं. या परीक्षणाचा मसुदा तेव्हा लिहिला असता तर दोन तारे दिले असते.

रेझिनला काही झालं नव्हतं. पीएच मीटर जुळवायचा बफर (ठरलेल्या पीएचचं द्रावण) मीच आदल्या आठवड्यात उघडा ठेवला होता, आणि मीटर ०.२ नं खोटं बोलत होता. हिबाचा पीएच त्यामुळे ठरल्यापेक्षा ०.२ नं वर गेला. आता गणित बघा. चारच्या आसपास पीएच एवढा वाढला की धातूला मिठी मारायला मोकळा असलेला हिबाचा अंश साधारण सहाव्या हिश्शानं वाढतो. एका धातूला तीन-तीन हिबा लागतात, म्हणून परिणाम घनाच्या प्रमाणात. १.१७ चा घन १.६. म्हणजे रेझिनवरची पकड दीड पटीहून जास्त सैल झाली. आणि शेजारच्या दोन धातूंमधलं अंतर किती? तेही दीडपट! पीएचच्या दोन दशांशांच्या चुकीनं सगळी रांग एक घर पुढं सरकते, आणि प्रत्येक पट्टा इतका सुबक येतो की संशयही येत नाही. रंग नसता, म्हणजे हाच प्रकार ट्रेसरवर झाला असता, तर मी त्या नळीवर बिनदिक्कत प्रोमेथियमची चिठ्ठी ठेवली असती.

तेव्हापासून नळ्यांवर आधी नुसते आकडे. नावं मोजणी झाल्यावर.

त्या मुलीला मी सांगितलं की प्रोमेथियमचं द्रावण गुलाबीच असतं म्हणतात, पण आपल्याकडे ते डोळ्यांना दिसेल इतकं कधी नसतं. तिनं वहीत लिहून घेतलं. बफरच्या बाटलीवर मात्र तिनं माझ्या नकळत लाल शाईनं तारीख आणि ‘झाकण लावा’ असं लिहिलं. ती चिठ्ठी अजून तिथंच आहे.

ट्रेसरचे प्रयोग नंतर केले. युरोपियम-१५२ घातलं, अर्धायुष्य साडेतेरा वर्षं, १२२ आणि ३४४ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या गॅमा रेषा इतक्या ठसठशीत की डिटेक्टरसमोर नळी धरली की झालं. युरोपियम सॅमॅरियमच्या आधी येतं आणि तसंच आलं, शेपूट फारशी नाही. मग प्रोमेथियम-१४७. अर्धायुष्य २.६२ वर्षं, गॅमा जवळपास नाहीच, २२४ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंतचे बीटा कण तेवढे. त्यामुळे दर नळीतला थेंब सिंटिलेशनच्या (किरणांनी चमकणाऱ्या) द्रवात टाकून मोजावा लागतो. शिखर सव्विसाव्या नळीत आलं. मी मोजणीच्या खोलीतून बाहेर येऊन आधी पीएच मीटर तपासला आणि मग आनंद केला.

इथं रेझिनच्या कुळाबद्दल थोडं, कारण बाटलीवरचं नाव नवं असलं तरी ही जात जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात स्पेडिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयोवातल्या एम्समध्ये कॉलम आणि सायट्रेट घेऊन रेअर अर्थ सुटे केले, आणि युद्धानंतर ते गुपित १९४७ मध्ये शोधनिबंधांच्या मालिकेतून बाहेर आलं. पुढं त्यांनी ईडीटीए (धातू घट्ट पकडणारं आणखी एक सेंद्रिय आम्ल) आणि तांब्याच्या आयनाचा अडसर वापरून किलोकिलोनं शुद्ध धातू काढले. कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत ह्याच तऱ्हेच्या सल्फॉनेटेड पॉलिस्टायरीनच्या कॉलमवर नवी मूलद्रव्यं ओळखली गेली. तिथले कॉलम ट्रायक्लोरोइथिलीनच्या वाफेच्या वेष्टनात ८७ अंशांवर ठेवलेले असत, आणि लोक थेंब मोजत बसत. कॅलिफोर्नियमच्या पहिल्या प्रयोगात ५,००० च्या आसपास अणू होते. १९५५ मध्ये १०१ वं मूलद्रव्य, मेंडेलेव्हियम, हिबाच्या थेंबांत सापडलं तेव्हा सगळे मिळून १७ अणू. रेअर अर्थ ज्या क्रमानं येतात त्याच क्रमानं आवर्तसारणीत त्यांच्या खालच्या ओळीतली ॲक्टिनाइडं (ॲक्टिनियमपासूनची जड मूलद्रव्यं) येतात, म्हणून कोणत्या थेंबात शोधायचं ते आधीच माहीत होतं. सतरा अणू! माझ्या ४० मिलिग्रॅम निओडिमियमला त्या हिशेबात डोंगर म्हणायला हवं.

मीही एकदा कॉलमभोवती गरम पाण्याचं वेष्टन लावून ७० अंशांवर तोच प्रयोग केला. पट्टे अरुंद झाले, कारण गरमीत आयन मण्याच्या आतबाहेर चटकन करतात. पण पाण्यातली हवा सुटून बुडबुडे झाले. पाणी आधी उकळून हवा काढली तरच हा मार्ग. नेहमीच्या कामाला मी थंडच वापरते.

जास्त सक्रियतेचं काम असेल तर मात्र हे रेझिन घेण्याआधी दोनदा विचार करा. आमच्या ट्रेसरनं त्याला ओरखडाही उमटत नाही, पण क्युरियमसारखा अल्फा सोडणारा धातू कॉलमवर पट्टा करून बसला तर सगळी ऊर्जा त्या एका सेंटिमीटरभर रेझिनमध्ये जिरते. क्युरियम-२४४ चा एक ग्रॅम पावणेतीन वॅटहून जास्त उष्णता देतो. पाणी फुटून हायड्रोजनचे बुडबुडे होतात, थर उसवतो. शोषलेला डोस १० लाख ग्रेच्या घरात गेला की रेझिनची क्षमताही ठळकपणे पडते. म्हणून अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेसारख्या ठिकाणी याहून कितीतरी बारीक मणी, दाब देऊन, झटपट चालवतात: वायू दाबाखाली विरघळलेला राहतो आणि धातू रेझिनवर कमी वेळ थांबतो. काचेच्या नळीत गुरुत्वाकर्षणावर चालणाऱ्या आमच्या मांडणीचं ते काम नाही.

आणि नायट्रिक आम्ल. माहितीपत्रकात यावर एक ओळ आहे, ‘तीव्र ऑक्सिडीकारक टाळा’, तीही सहाव्या पानावर. पहिल्या पानावर, लाल चौकटीत हवी होती. ३० ऑगस्ट १९७६ रोजी अमेरिकेतल्या हॅनफर्ड अणुकेंद्रात अमेरिसियम गोळा करायच्या कॉलमचा स्फोट झाला. संपामुळे काम कित्येक महिने बंद होतं आणि रेझिन तेवढा काळ धातू आणि आम्लासकट तसंच पडून होतं. पुन्हा सुरू करताना तीव्र नायट्रिक आम्ल आत गेलं. समोर उभे असलेले ६४ वर्षांचे हॅरॉल्ड मॅक्लस्की यांच्या चेहऱ्यात काच आणि अमेरिसियम घुसलं. डीटीपीए या धातू पकडून शरीराबाहेर नेणाऱ्या औषधाच्या इंजेक्शनांनी शरीरातलं बरंचसं अमेरिसियम बाहेर काढलं आणि ते आणखी अकरा वर्षं जगले. आमच्याकडे म्हणून नियम आहे: हे रेझिन तीव्र नायट्रिकमध्ये नाही, सौम्य नायट्रिकमध्येही सुटीच्या दिवशी नाही, आणि वापरलेलं रेझिन कोरडं होऊ द्यायचं नाही. काम संपलं की हायड्रोक्लोरिकनं धुऊन, पाण्याखाली, चिठ्ठी लावून.

तयार कार्ट्रिजशी तुलना करायला अनेकांनी सांगितलं होतं. ती म्हणजे निष्क्रिय मण्यांवर डायइथिलहेक्झिल फॉस्फोरिक आम्लाचा लेप दिलेली छोटी नळी. नुसतं सौम्य खनिज आम्ल सोडायचं, हिबा नको, पीएचची कटकट नको. नवख्यांना सोपी, खरंच. तिथं क्रम उलटा असतो: लँथॅनम आधी, ल्युटेशियम शेवटी. साधी गोष्ट वाटते, पण कर्करोगावरच्या उपचारासाठी ल्युटेशियम-१७७ बनवणाऱ्याला विचारा. ते इटर्बियम-१७६ वर न्यूट्रॉन मारून बनतं, म्हणजे मिलिग्रॅमांत मोजायच्या इटर्बियममध्ये चिमूटभरही नसलेलं ल्युटेशियम, आणि वर साडेसहा दिवसांचं अर्धायुष्य. हिबाच्या कॉलमवर ल्युटेशियम आधी निघून येतं आणि इटर्बियमची लांब शेपूट मागं राहते. लेपाच्या कार्ट्रिजवर ल्युटेशियमला त्या शेपटीतूनच वाट काढावी लागते, मग दोन-तीन फेऱ्या. उलट हिबा शेवटी काढून टाकावा लागतो, कार्ट्रिजला ती गरज नाही. लेप मात्र दर फेरीला थोडा थोडा झिरपतो. माझ्या कार्ट्रिजनं सहाव्या फेरीला मान टाकली. रेझिनच्या याच कॉलमच्या एकोणीस फेऱ्या झाल्यात.

थोरियम-युरेनियमसाठी ही बाटली घेत असाल तर थांबा. थोरियम चार धनभाराचं, ते या रेझिनला असं चिकटतं की ४ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लानं सगळे रेअर अर्थ एकगठ्ठा खाली आले तरी ते वरच बसून राहतं. गटानं वेगळं करायला हे छानच, पण थोरियम परत हवं असेल तर ऑक्झलिक आम्लासारखं काहीतरी घेऊन मागं लागावं लागतं. त्यापेक्षा अनायन रेझिन, म्हणजे ऋणभाराचे आयन पकडणारं, घ्या. तीव्र नायट्रिकमध्ये थोरियम ऋणभाराचा संकुल बनून त्याला चिकटतं. रेडियम, ॲक्टिनियम आणि रेअर अर्थ न थांबता निघून जातात. थोरियम-२२९ पासून ॲक्टिनियम-२२५ दुहून काढतात ते याच युक्तीनं. तिथं तीव्र नायट्रिक टाळता येत नाही, म्हणून रेझिन त्यात पडून राहू द्यायचं नाही आणि कोरडं होऊ द्यायचं नाही, हे उलट जास्त कसोशीनं पाळायचं.

राहिलेल्या बारीकसारीक गोष्टी. मागच्या आणि या बाटलीच्या बॅचमध्ये शिखरांची जागा दोन नळ्यांनी सरकली, तेव्हा नवी बाटली आली की एक रंगीत तालीम केल्याशिवाय ट्रेसर सोडू नका. वापरलेलं ट्रेसरचं रेझिन हा किरणोत्सारी कचराच असतो, आणि युरोपियमच्या साडेतेरा वर्षांकडे बघता तो आपल्या डोळ्यांसमोर विझणार नाही. म्हणून ट्रेसरचा कॉलम वेगळा आणि लहान ठेवावा. लेबलची शाई आम्लाच्या एका थेंबात पुसली जाते, पेन्सिलीनं लिहा.

दुसरी बाटली मागवली आहे. पुरवठादाराला लिहिलंय की झाकणाची चकती पाठवण्याआधी तपासा आणि मेश कोरडी की ओली ते कळवा. पहिल्याचं उत्तर आलं, “तपासली आहे.” दुसऱ्याचं उत्तर म्हणून त्यांनी ते सहा भाषांतलं माहितीपत्रक पुन्हा पाठवलं.